पद्मिनीचा सीबी पॉइंट: आधी गॅप, मग टायमिंग

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी वडिलांनी १९८७ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, स्टिअरिंगला गिअर. गाडी आजही नियमित चालते. गेल्या महिन्यात तिचं ट्यूनिंग करून घेतलं: नवीन प्लग, नवीन सीबी पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी तोंडांची जोडी), नवीन कंडेन्सर. मेकॅनिकने पॉइंट बसवला, इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग, पॉइंट याच्याच आत असतो) थोडा इकडेतिकडे फिरवला, आवाज खुलला तिथे बोल्ट आवळला आणि गाडी हातात दिली. पहिले काही दिवस गाडी खरंच छान होती.

सहाशे किलोमीटरनंतर पुण्याहून साताऱ्याला निघालो. खंबाटकीचा चढ लागला आणि गाडीचा जीवच गेल्यासारखं झालं. दुसऱ्या गिअरमध्येही खेचेना, आवाज जड, टेम्परेचरचा काटा वर वर. नॉकिंग (इंजिनातला ठोक्याचा आवाज) अजिबात नव्हतं, मिसिंगही (मध्येच ठिणगी चुकणं) फारसं नव्हतं. नुसती ताकद नव्हती. बाजूला थांबून इंजिन थंड केलं, आणि कसेबसे वर आलो.

दुसऱ्या दिवशी कॅप काढली, रोटर काढला. चौकोनी कॅमभोवती बारीक तपकिरी भुकटी पडली होती, दालचिनीच्या पुडीसारखी. पॉइंटची जी फायबरची टाच कॅमवर घासते, तिची ती भुकटी. कॅमला हात लावून पाहिला तर कोरडा ठणठणीत, ग्रीसचा मागमूस नाही. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातला. १५ थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हवा तिथे ८ थाऊची पातीच जेमतेम गेली.

मग मी स्वतः गॅप १५ थाऊ केला, पण आता टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) कुठे आहे याचा पत्ता नाही. घरी टेस्ट लॅम्प आणि मल्टीमीटर आहे, टायमिंग लाइट (चालत्या इंजिनवर पुलीची खूण दाखवणारा दिवा) नाही. क्रम काय ठेवावा? हे काम मला नीट शिकायचं आहे. ज्यांच्या हातात हे काम होतं ती माणसं आमच्या भागात आता दोन-तीनच उरली आहेत. तेव्हा सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

---

कोल्हापुरी_वायरमन

तुमचं निदान बरोबर आहे, आणि तुम्ही भुकटी बघितलीत हे फार चांगलं झालं. बहुतेक जण ती फुंकर मारून उडवून टाकतात.

काय झालं ते सांगतो. पॉइंट मिटलेला असताना कॉइलच्या प्रायमरीतून करंट वाहतो आणि कॉइल भरते. पॉइंट उघडला की करंट तुटतो आणि त्याच क्षणी प्लगला ठिणगी पडते. म्हणजे ठिणगीची वेळ ठरते ती पॉइंट *उघडायच्या* क्षणावर. टाच झिजली की पॉइंट कॅमकडे सरकतो, गॅप कमी होतो, आणि कॅमचा कोपरा त्याला उशिरा उघडतो. ठिणगी उशिरा पडते. जळण पिस्टन खाली जायला लागल्यावर होतं, उष्णता एक्झॉस्टमध्ये आणि पाण्यात जाते, चाकाला ताकद मिळत नाही. म्हणून तुम्हाला नॉकिंग ऐकू आलं नाही. नॉकिंग टायमिंग पुढे गेल्यावर, म्हणजे ठिणगी लवकर पडल्यावर येतं, तुमचं मागे गेलं होतं.

उलटही तितकंच खरं. गॅप वाढवला की टायमिंग पुढे जातं. तुम्ही ८ चे १५ केलेत, म्हणजे टायमिंगही हलवलंत. म्हणून क्रम एकच: आधी गॅप, मग टायमिंग. टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावला की टायमिंग परत बघायचं. याला पर्याय नाही.

आमच्या दुकानात टायमिंगच्या तक्रारीने गाडी आली की मी पहिल्यांदा टाच बघतो. नवीन पॉइंटबरोबर ग्रीसची पुडी आली तर ती वापरा. नसेल तर जाड हाय-टेम्परेचर ग्रीस, कॅमवर मुगाच्या दाण्याएवढं आणि टाच ज्या बाजूने कॅमला येऊन भिडते त्या बाजूला जरासं. त्याहून जास्त नको. जास्तीचं ग्रीस फिरताना उडतं आणि पॉइंटच्या तोंडावर बसतं, मग गाडी सकाळी चालूच होत नाही.

---

काळीपिवळी

धागा वाचून वडिलांची आठवण आली. ते गिरगावात ३१ वर्षं टॅक्सी चालवत होते, शेवटपर्यंत पद्मिनीच. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. त्या दिवशी ते घरातून बाहेर पडले नाहीत.

त्यांच्या डिकीत एका पत्र्याच्या डबीत कायम चार गोष्टी असायच्या: जुना पण चालू पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि पॉलिश पेपरचा तुकडा. पॉइंट कधी उघडतो ते बघायला ते सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद वापरायचे. पॉइंटच्या दोन तोंडांत कागद धरायचा, हलकेच ओढत राहायचं आणि दुसऱ्या माणसाने इंजिन हळूहळू फिरवायचं. कागद सुटला तो उघडायचा क्षण. दिवा नसताना, भर पावसात, रस्त्याच्या कडेला मी हे स्वतः पाहिलंय. कागदाची अडचण एवढीच की त्याचे धागे पॉइंटमध्ये अडकू शकतात, म्हणून शेवटी ते स्वच्छ कापड फिरवायचेच.

एक सांगतो, सीएनजी लावलेल्या टॅक्सीचं टायमिंग ते पेट्रोलपेक्षा थोडं पुढे ठेवायचे, कारण गॅस सावकाश जळतो. आणि प्लगचा गॅप कमी ठेवायचे, कारण गॅसमध्ये ठिणगीला जास्त दाब लागतो. कुणी सीएनजीवरची जुनी गाडी पेट्रोलवर परत आणत असेल तर दोन्ही मापं मूळ जागी आणा.

---

घाटवाट

वायरमन साहेब, काळीपिवळी, मनापासून आभार. डबी आजच डिकीत ठेवतो.

एक शंका. जुन्या पॉइंटच्या एका तोंडावर टोक आलंय आणि दुसऱ्यावर खड्डा पडलाय. तो घासून परत वापरता येईल का? आणि टेस्ट लॅम्पने टायमिंग नेमकं कसं लावायचं, पायरीपायरीने सांगाल का?

---

कोल्हापुरी_वायरमन

टोक-खड्ड्याचा पॉइंट फिलर गेजने मापूच नका. गेजची पाती टोकावर टेकते, पण खरा गॅप टोकाच्या कडेने खड्ड्याच्या तळापर्यंत असतो. गेज १५ दाखवेल आणि प्रत्यक्षात गॅप २० च्या वर असेल. बारीक कानशीने टोक घासून वाटेपुरता वापरा आणि घरी आल्यावर बदला. खड्डा पूर्ण जाईपर्यंत घासलात तर वरचा टंगस्टनचा थर संपतो. टोक जर पाचशे किलोमीटरमध्येच आलं असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. पॉइंट उघडताना प्रायमरीत काहीशे व्होल्टचा झटका येतो, तो कंडेन्सर झेलतो. कंडेन्सर मेला की तो झटका पॉइंटच्या तोंडातच ठिणगी होऊन पडतो, तोंडं निळी-काळी पडतात आणि प्लगला करंट कमजोर येतो.

आता टायमिंग. सावकाश वाचा.

बॅटरीची निगेटिव्ह काढून कामाला लागा. नवीन पॉइंटच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून लावलेला तेलकट थर असतो, तो थिनरमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. फिलर गेजची पातीही पुसून घ्या, तिच्यावर कायम तेल असतं. पॉइंट बसवताना वायरच्या खिळीवरचे नायलॉनचे वॉशर आधी होते त्याच क्रमाने घाला. पॉइंटची स्प्रिंग, कंडेन्सरची वायर आणि कॉइलकडून येणारी वायर या तिन्ही एकमेकींना भिडल्या पाहिजेत, पण प्लेटला कुठेही नाही.

चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. चौथा गिअर टाकून गाडी हाताने पुढे ढकला, की इंजिन हवं तेवढं फिरवता येतं. टाच कॅमच्या एका कोपऱ्याच्या बरोबर माथ्यावर आणा. गॅप इथेच मापायचा. स्थिर पॉइंटचा स्क्रू किंचित सैल करून १५ थाऊची पाती मध्ये ठेवा. पाती सरकताना हलकासा ओढा जाणवला पाहिजे, पॉइंट ढकलला जाता कामा नये. स्क्रू आवळल्यावर परत मापा, कारण आवळताना प्लेट हलते. आणि चारही कोपऱ्यांवर मापा. एका कोपऱ्यावर १५ आणि समोरच्यावर १२ येत असेल तर शाफ्ट वाकलाय किंवा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) गेलंय.

मग एक नंबर सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून गाडी ढकला. अंगठा उडवणारा दाब आला की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. सावकाश पुढे नेत पुलीवरची खूण तुमच्या मॅन्युअलमधल्या अंशावर आणा. खुणेच्या पुढे गेलात तर मागे ओढून नेमकं बसवू नका. बरंच मागे न्या आणि परत पुढच्याच दिशेने फिरवत खुणेवर या, म्हणजे गिअरमधली ढिलाई एकाच बाजूला राहते. रोटरचं तोंड आता कॅपमधल्या एक नंबरच्या वायरकडे असलं पाहिजे. फायरिंगचा क्रम १-३-४-२.

आता बॅटरी जोडा. टेस्ट लॅम्पचं एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या बारीक वायरच्या खिळीला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला. इग्निशन ऑन. पॉइंट मिटलेला असेल तर दिवा बंद, उघडला की दिवा लागतो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करा, रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेला बॉडी थोडी फिरवा म्हणजे दिवा विझेल, मग उलट दिशेला केसाकेसाने आणा. दिवा *लागला* तिथेच थांबा, आवळा. झालं. इग्निशन लगेच बंद करा. पॉइंट मिटलेला आणि इग्निशन ऑन राहिलं तर कॉइल तापून जाते.

हाच दिवा दोष पण सांगतो. बॉडी फिरवूनही दिवा कधीच लागत नसेल तर वॉशर चुकलेत आणि खिळी अर्थ झालीय, किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. दिवा विझतच नसेल तर पॉइंटच्या तोंडात तेल-कचरा आहे किंवा प्लेटची अर्थ वायर तुटलीय. ती छोटी विणलेली वायर असते, प्लेटबरोबर सतत हलून आतून तुटते आणि वरून शाबूत दिसते.

---

लेस्टरकर

इंग्लंडहून लिहितोय. माझ्याकडे १९६६ ची एमजीबी आहे, लुकासचा २५डी डिस्ट्रिब्युटर. गॅप १४ ते १६ थाऊ आणि फायरिंग क्रम तोच १-३-४-२, त्यामुळे वायरमन साहेबांनी लिहिलेलं सगळं अक्षरशः लागू पडतं. वाचताना गॅरेजमध्ये उभं असल्यासारखं वाटलं.

दोन गोष्टी जोडतो. एक, शक्य असेल तर ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेला राहतो ते मोजणारा) घ्या. चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ९० अंश येतात, त्यातले साधारण ६० अंश पॉइंट मिटलेला हवा. ५७ ते ६३ चालतं. फिलर गेज स्थिर इंजिनवरचं माप देतो, ड्वेल मीटर चालत्या इंजिनवरचं. आयडलला ६० आणि रेस वाढवल्यावर तीन अंशांपेक्षा जास्त हलायला लागला तर बुश झिजलंय हे नक्की. रोटर काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहिला तरी कळतं. तिथे खेळ असेल तर कितीही वेळा पॉइंट लावा, आठवड्याभरात तेच.

दोन, नवीन म्हणजे चांगला असं धरू नका. इकडे जुन्या गाड्यांच्या मंडळींत गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी तक्रार नवीन बनावटीच्या कंडेन्सर आणि रोटरची आहे. मला एक नवाकोरा कंडेन्सर चाळीस मैलांत दगावला. इंजिन तापलं की गाडी बंद, थंड झालं की चालू. मी सगळा वेळ पेट्रोल पंप तपासत होतो. जुना, काम करणारा कंडेन्सर काढलात तर टाकू नका.

---

रत्नांग्रीकर

सगळं मान्य, पण मी तीन वर्षांपूर्वी माझ्या फियाटला इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावलं आणि पॉइंटचा विषयच संपला. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात ओलाव्यामुळे दर सकाळी पॉइंट पुसायला लागायचा. आता कॅमवर काही घासत नाही, त्यामुळे गॅपही बदलत नाही आणि टायमिंगही सरकत नाही. जो रोज गाडी वापरतो त्याने हेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

---

कोल्हापुरी_वायरमन

तुमचं बरोबर आहे आणि तुमच्या गाडीसाठी ते योग्यच. फक्त पॉइंटची पूर्ण प्लेट कंडेन्सरसकट डिकीत ठेवा. मॉड्यूल जातं तेव्हा न सांगता जातं आणि आंबा घाटात त्याचा सुटा भाग कुणाकडे मिळत नाही. पॉइंट मात्र सांगून जातो: आधी आयडल बिघडतो, मग चढाला ताकद कमी होते.

आणि मला वाटतं, पॉइंटवर चालणारी गाडी पॉइंटवरच ठेवण्यातही मोल आहे. ही रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंगच्या डेल्को कंपनीतून आली, १९१० च्या कॅडिलॅकपासून. उत्तरेत अजून मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला डेल्कोच म्हणतात. शंभर वर्षांनीही ती एका स्क्रूड्रायव्हरने उघडता येते. हिशोब करून बघा: २५०० आरपीएमला पॉइंट मिनिटाला ५००० वेळा उघडतो. सरासरी ५० च्या वेगाने ५००० किलोमीटर म्हणजे १०० तास, म्हणजे ३ कोटी वेळा. एवढं काम करणाऱ्या भागाला मुगाएवढं ग्रीस मागायचा हक्क आहे.

---

नवा_चालक

मी नुकतीच ॲम्बेसेडर घेतलीय, म्हणून विचारतो. माझ्या पुलीवरची खूण गंजून गेलीय, दिसतच नाही. काय करू? आणि आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलसाठी टायमिंग बदलावं का?

---

लेस्टरकर

खूण परत करता येते. स्थिर पिस्टनस्टॉप बनवा: जुन्या प्लगमधलं चिनीमातीचं अंग काढून त्यात एक बोल्ट पक्का करा आणि तो एक नंबरला लावा. इंजिन हाताने सावकाश फिरवा, पिस्टन बोल्टला टेकेल, पुलीवर रेघ मारा. आता उलट्या दिशेने फिरवून परत टेकवा, दुसरी रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. स्टार्टर मुळीच मारायचा नाही, पिस्टनला भोक पडेल.

मग कागदाची पट्टी पुलीभोवती गुंडाळून परीघ मोजा आणि ३६ ने भागा. ते झाले १० अंश. परीघ ४४० मिमी असेल तर १० अंश म्हणजे १२.२ मिमी. पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारा, आयुष्यभर उपयोगी पडेल.

---

कोल्हापुरी_वायरमन

इथेनॉलसाठी टायमिंगशी खेळू नका. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोलच्या भोकावर) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. ते दुरुस्त करायची जागा कार्बोरेटर. इग्निशन मॅन्युअलप्रमाणे पक्कं करा, मगच कार्बोरेटरला हात लावा. दोन्ही एकदम हलवलंत तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. पेट्रोलचे जुने रबरी पाइप मात्र लगेच बदला.

---

घाटवाट

मंडळी, काम झालं. सविस्तर लिहितो.

शनिवारी सकाळी बाबांना बरोबर घेतलं. ते ७८ वर्षांचे आहेत, खुर्ची टाकून बॉनेटजवळ बसले. मी गाडी ढकलत होतो आणि अंगठा त्यांचा होता. “आला दाब” म्हणाले तेव्हा पुलीची खूण दोन बोटं लांब होती. पहिल्या प्रयत्नात दिवा लागेचना. वॉशरच चुकलं होतं, वायरमन साहेबांनी लिहिल्याप्रमाणे खिळी अर्थ झाली होती. ते नीट केलं आणि दुसऱ्या वेळी दिवा बरोबर लागला.

शेजारच्या गावातल्या एका मित्राकडून ड्वेल मीटर आणि टायमिंग लाइट मिळाला. ड्वेल ६१. शिकण्यासाठी म्हणून मुद्दाम गॅप ८ थाऊ करून पाहिला, ड्वेल ७२ वर गेला. परत १५ केला.

पण लाइटने आणखी एक गोष्ट दाखवली. आयडलला खूण जागेवर होती, रेस वाढवल्यावर मात्र ती हललीच नाही. रेसबरोबर ती पुढे सरकायला हवी ना?

---

कोल्हापुरी_वायरमन

हवीच. आत प्लेटखाली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे फिरतो. तुमची वजनं सुकून चिकटलीत. रोटर काढा, शाफ्टच्या माथ्यावर फेल्टचा तुकडा किंवा स्क्रू दिसेल, तिथे इंजिन ऑइलचे दोनच थेंब. मग रोटर परत बसवून फिरायच्या दिशेने हाताने पिळा आणि सोडा. स्प्रिंगने तो आपोआप मागे आला पाहिजे. मागे येत नसेल तर प्लेट काढून वजनं रॉकेलने धुवा. व्हॅक्यूमचा पाइप असेल तर लाइट लावताना तो काढून तोंड बंद करायला विसरू नका.

---

घाटवाट

रोटर खरंच मागे येत नव्हता. प्लेट काढली. वजनांखाली जुनं ग्रीस डांबरासारखं झालं होतं. रॉकेलने धुतलं, दोन थेंब तेल घातलं. आता हाताने पिळून सोडला की टच्चकन मागे येतो, आणि लाइटखाली खूण रेसबरोबर सरकताना दिसते. बाबांनी ती तीनदा बघितली.

काल परत साताऱ्याला जाऊन आलो. खंबाटकी दुसऱ्या गिअरमध्ये आरामात चढलो, वरच्या सपाटीला तिसरा टाकला. काटा मध्यावरून हलला नाही. घरी आल्यावर कॅप उघडली: भुकटी नाही, कॅमवर ग्रीसची पातळ चकाकी, गॅप १५. वहीत तारीख, किलोमीटर, गॅप आणि ड्वेल लिहून ठेवलंय. पुढचं माप १००० किलोमीटरला घेईन आणि इथेच लिहीन.

---

काळीपिवळी

वडिलांना तुमचे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ते विचारतात, डबीत रोटर ठेवलात का?

---

घाटवाट

ठेवला. कंडेन्सरही जुनाच ठेवलाय, चालू असलेला.